भुणभुण

गणेश चतुर्थीच्या दुपारी सासूबाईंनी तिच्या पानात तिसरा उकडीचा मोदक वाढला, वर तुपाची धार सोडली आणि ती पानाकडे बघत राहिली. पहिला मोदक संपला होता, दुसरा अर्धा उरला होता आणि पोट भरलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पोट भरल्याची इतकी साधी जाणीव नवी होती. "अगं, माझ्या हातची चव गेली का?" सासूबाईंनी विचारलं. तिला उत्तर सुचेना. दर रविवारी आपण पोटात इंजेक्शन टोचून घेतो, हे तिनं घरात फक्त नवऱ्याला सांगितलं होतं.

ती पुण्यात एका बँकेत नोकरी करते. उंची पाच फूट दोन इंच. २०२५च्या जूनमध्ये वजन ९२ किलो होतं. लहानपणी 'खात्यापित्या घरची' म्हणून तिचं कौतुक झालं, कॉलेजात टोपणनावं पडली, बाळंतपणानंतर 'अंगानं सुटली' हे ऐकावं लागलं. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच, जरा तोंडावर ताबा ठेव. तिनं तो ठेवूनही पाहिला. पहाटे पर्वती चढली, भात सोडला, साखर सोडली, दिवसातून दोनदाच जेवण्याचा नेम सात महिने पाळला. दर वेळी आठ-दहा किलो उतरले आणि वर्षा-दीड वर्षात व्याजासकट परत आले.

एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिच्या डोक्यात खाण्याची भुणभुण अखंड चालू असे. सकाळी पोहे खाताना दुपारच्या डब्याचा विचार, डबा खाताना चारच्या चहाबरोबर काय मिळेल याचा विचार. रात्री ओटा आवरून झाला, दिवे मालवले की फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा आठवायचा. कर्जाची फाइल तपासतानाही मनाचा एक कोपरा त्यातच अडकलेला. सगळ्यांचं असंच होत असणार, बाकीचे त्यावर मात करतात आणि आपल्याला ते जमत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. स्वतःच्या स्वभावाविषयीचा हा निकाल तिनं तीस वर्षं बाळगला.

टिर्झेपेटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं ते २०२५च्या मार्चमध्ये. जूनमध्ये तिच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, म्हणजे मधुमेह दाराशी आलेला. गुडघे दुखतच होते. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी आठवड्याला अडीच मिलिग्रॅमचा डोस लिहून दिला.

त्या रविवारी सकाळी तिनं फ्रिजमधल्या दह्याच्या भांड्यामागून कुपी काढली. रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. सिरिंजमध्ये आधी हवा ओढली, ती कुपीत सोडली, कुपी उलटी धरली आणि पाण्यासारखं औषध अर्ध्या मिलिलिटरच्या खुणेपर्यंत ओढून घेतलं. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन मापांच्या मिळतात आणि माप चुकलं की डोस चुकतो, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरांनी हे सगळं तिच्याकडून तीनदा गिरवून घेतलं होतं. नखानं टिचकी मारून तिनं बुडबुडा वर आणला, बेंबीपासून चार बोटं सोडून पोटाची चिमूट धरली आणि सुई आत घातली. मुंगी चावावी इतकंच दुखलं.

बुधवारी बँकेत कुणाचा तरी वाढदिवस होता. काजूकतलीचा डबा टेबलांवरून फिरला, तिच्यापाशी आला, पुढं गेला. संध्याकाळी पाच वाजता काउंटर बंद करताना तिच्या लक्षात आलं की त्या डब्याचा विचार दिवसभरात एकदाही मनात आला नव्हता. फिरत्या पंख्याचा आवाज वीज गेल्यावर जाणवावा, तशी ती भुणभुण तिला थांबल्यावर पहिल्यांदा नीट कळली. ती तिथंच खुर्चीत बसून रडली. त्यात आनंद होता आणि तीस वर्षं वाया गेल्याचं दुःखही होतं.

असं का झालं, हे तिनं पुढं वाचून काढलं. माणूस जेवला की लहान आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देतं. पण ते शरीरात जेमतेम मिनिट-दोन मिनिटं टिकतं. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग या अमेरिकी डॉक्टरांना याच संप्रेरकासारखा, पण पुष्कळ जास्त टिकणारा रेणू सापडला आणि १९९२ साली त्यांनी तो जगापुढं मांडला. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड २००५ साली मधुमेहासाठी आलं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढं रोज एकदा घ्यायचं लिराग्लुटाइड आलं आणि मग आठवड्यातून एकदाच घ्यायचं सेमाग्लुटाइड. टिर्झेपेटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २,५३९ लठ्ठ किंवा जादा वजनाच्या माणसांना टिर्झेपेटाइड किंवा औषधाविना नुसतं इंजेक्शन ७२ आठवडे दिलं गेलं. सर्वांत मोठ्या डोसावर वजन सरासरी २०.९ टक्क्यांनी उतरलं. ज्यांना नुसतं इंजेक्शन मिळालं, त्यांचं ३.१ टक्क्यांनी. या आकड्यापाशी ती बराच वेळ थांबली. आहाराचं आणि व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही गटांना सारखंच मिळालं होतं. वजन उतरावं ही इच्छा दोन्हीकडे होती. इंजेक्शनात काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका गटातल्या माणसांचा निग्रह सच्चा आणि दुसऱ्यांचा लेचापेचा, असं कसं म्हणता येईल?

तिच्या पुण्यातही या प्रश्नाचा एक धागा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, नेमका सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलो. पण किडकिडीत दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानानं जास्त, असं याज्ञिकांच्या अभ्यासात दिसलं. भारतीयांसाठी बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा धरतात, त्यामागं हीच देहरचना आहे. पाळण्यातल्या बाळाला कुणी 'तोंडावर ताबा ठेव' म्हणत नाही.

औषधानं त्रास दिलाच नाही, असं सांगणं खोटेपणाचं होईल. डोस पाच मिलिग्रॅमवर गेला त्या आठवड्यात फोडणीच्या वासानं तिला मळमळायचं. एका रविवारी मिसळ खाल्ली आणि रात्रभर उलट्या झाल्या. बद्धकोष्ठ झालं, केस गळू लागले. सर्वांत जास्त धास्ती वाटली ती ऑक्टोबरमध्ये. वरच्या फळीवरचा पाच किलोचा पिठाचा डबा नेहमीसारखा उतरवताना तिचे दंड थरथरले. डॉक्टरांनी समजावलं की वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. भूक मेली म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढला तर ही झीज वाढते. तेव्हापासून तिच्या पानात आधी उसळ, अंडी, दही, पनीर आणि मग पोळी. आठवड्यातून तीन दिवस ती दोन-दोन किलोचे डंबेल्स उचलते.

सासूबाईंना तिनं दिवाळीत सांगितलं. तिला वाटलं होतं, त्या रागावतील, हा आयता मार्ग म्हणतील. ऐंशीला आलेल्या त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग यात लपवायचं काय? मी वीस वर्षं रोज टोचून घेतेच की." सासूबाईंच्या इन्सुलिनला घरात कधी कुणी पळवाट म्हटलं नव्हतं. साखर स्वभावामुळं वाढत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. त्या दिवसापासून कुपी दह्याच्या भांड्यामागून निघाली आणि इन्सुलिनच्या शेजारी राहू लागली.

जानेवारी २०२६ मध्ये तिचं वजन ७९ किलो झालं, सरासरी साखर ५.५ वर आली. त्याच महिन्यात मुलीच्या क्लासची मोठी फी भरायची होती. २०२५च्या मार्चमध्ये पाच मिलिग्रॅमची एक कुपी ४,३७५ रुपयांना मिळू लागली होती, म्हणजे चार आठवड्यांचे १७,५०० रुपये. आता आपल्याला सवय लागली आहे, असं म्हणून तिनं औषध बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात भुणभुण परतली. सवयी त्याच होत्या, डंबेल्स तेच होते, तरी दोन महिन्यांत चार किलो वाढले. यातही नवल नव्हतं. आणखी एका चाचणीत ६७० जणांनी ३६ आठवडे टिर्झेपेटाइड घेतलं आणि मग निम्म्यांचं औषध काढून घेतलं. वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्क्यांनी वाढलं. ज्यांचं चालू राहिलं त्यांचं आणखी ५.५ टक्क्यांनी उतरलं. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब वाढतो, तसंच हे. डॉक्टरांनी तिला पुन्हा अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दिली. हे औषध कदाचित आयुष्यभर घ्यावं लागेल, हे तिनं आता मान्य केलं आहे.

तिच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी तिच्याच वयाच्या, तिच्याच अंगाच्या. गुडघे धरून जिने चढतात. एका सकाळी पोळी लाटता लाटता त्यांनी विचारलं, "ताई, काय केलंत हो? मलाबी सांगा." ऑफिसात तिनं काही जणांना 'चालायला जाते' असं सांगून वेळ मारून नेली होती. मावशींशी खोटं बोलणं तिला जमलं नाही. तिनं इंजेक्शनचं सांगितलं. मावशींनी किंमत विचारली, तिनं तीही सांगितली. चार घरच्या पोळ्या लाटून महिन्याला त्यांच्या हातात तेवढे पैसे येत नाहीत. मावशी "बरं" म्हणाल्या आणि पुढची लाटी घेतली.

त्या शनिवारी ती मावशींना घेऊन सरकारी रुग्णालयात गेली. उपाशीपोटी साखर १८६ निघाली. मावशींना मधुमेह होता आणि त्याचा पत्ताच नव्हता. मेटफॉर्मिनच्या गोळ्या तिथं मोफत मिळाल्या, दर महिन्याला मिळतील असं सांगितलं गेलं. इंजेक्शनबद्दल तिनं खिडकीवर विचारून पाहिलं. ते नव्हतं.

मधुमेहाबरोबर लठ्ठपणा आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड, सेमाग्लुटाइड यांसारखी औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं. आता देशी कंपन्यांना ते बनवता येतं, सरकारला घाऊक भावानं विकत घेता येतं. जिमच्या आणि ब्यूटी पार्लरच्या ओळखीतून, चिठ्ठीशिवाय ते कुणी घेऊ नये आणि लग्नाआधी पाच किलो उतरवायला तर मुळीच घेऊ नये. पण ज्यांच्या गुडघ्यांना, हृदयाला, रक्तातल्या साखरेला त्याची गरज आहे, त्यांच्यासाठी ते सरकारी रुग्णालयाच्या त्या खिडकीवर मिळालं पाहिजे. मावशींची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. ती सोबत जाणार आहे आणि खिडकीवर पुन्हा विचारणार आहे.