डोक्यावरचं कूळ

काळ्या रंगावर त्याचा फार जीव. पांढऱ्या शर्टावर तो असून नसल्यासारखा. काळा टी-शर्ट दिसला की मात्र दोन्ही खांद्यांवर हजेरी लावतो. पुण्याच्या हडपसरला अशा खांद्यांना तोटा नाही. सकाळी फुरसुंगी, मांजरी, ससाणेनगरकडून निघालेल्या दुचाक्या सोलापूर रस्त्यावर तुंबतात, हेल्मेटच्या आत डोकं उकडून निघतं, आणि मगरपट्ट्याच्या गेटवर हेल्मेट उतरलं की कोंडोबा बाहेर डोकावतात. गळ्यातली आयकार्डची पट्टी सारखी करण्याच्या मिषाने खांदा झटकणारा माणूस तिथे रोज दिसेल. खाज सुटायची ती वेळही ठरलेली: मीटिंगमध्ये, साहेब समोर बसलेले असताना किंवा मुलगी बघायला गेल्यावर.

बदनामी त्याच्या वाट्याला भरपूर आली आहे. तो घाणीतून येतो, टँकरच्या पाण्यातून येतो, दुसऱ्याच्या कंगव्यातून येतो, असं लोक छातीठोकपणे सांगतात. तिन्ही आरोप खोटे. टँकरच्या जड पाण्याने साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. कोंडा त्यातून जन्माला येत नाही. रोज नाहणाऱ्यालाही तो होतो. आणि कंगवा वेगळा ठेवणं ही चांगली सवय असली, तरी हा पाहुणा बाहेरून येतच नाही. तो आधीपासून आत असतो.

त्याच्यामागचा खरा सूत्रधार म्हणजे मॅलासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी. १८७४ साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाने कोंड्याच्या खपल्यांत ती पाहिली, पुढे त्याचंच नाव तिला मिळालं. ती तुमच्या डोक्यावर आहे, माझ्या आहे, ज्याचे केस जाहिरातीत झळकतात त्याच्याही आहे. तिला स्वतःची चरबी तयार करता येत नाही, म्हणून आपल्या टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर तिचा उदरनिर्वाह चालतो. शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून जिथे मगरपट्टा सिटी उभी केली, त्या गावाला हे नातं वेगळं समजावून सांगायला नको. जमीन तुमची, कसणारी ती. ती कूळ आहे, आणि कुळाला बेदखल करता येत नाही.

तेल पचवताना ती ओलेइक आम्ल मागे टाकते. काहींच्या टाळूला ते सोसतं, काहींच्या नाही. ज्यांना सोसत नाही त्यांची कातडी बिथरते. एरवी मेलेल्या पेशी एकेक करून, नजरेला न येता गळतात; इथे त्या घाईघाईने, पुंजक्यांनी सुटतात. तो पुंजका म्हणजे आपला नायक. प्रयोगात हेच आम्ल नुसतं टाळूला लावून पाहिलं, तर कोंड्याची प्रवृत्ती असलेल्यांनाच खपल्या धरल्या. म्हणजे दोष एकट्या कुळाचा नाही, जमिनीचाही आहे.

आता आजीचा प्रश्न येतो, आणि तो नाजूक आहे. रविवारी कोमट तेलाने डोकं चोळून दिल्यावर कोंडा गायब झालेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो गेलेला नसतो, तेलाने खपल्या टाळूला चिकटून बसतात इतकंच. प्रयोगशाळेत या बुरशीच्या बहुतेक जाती वाढवायच्या तर त्यांना ऑलिव्ह तेलासारखं काही स्निग्ध द्यावं लागतं. मग रात्रभर टाळूवर मुरवलेल्या तेलाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आजीचा हात डोक्यावर जरूर फिरू द्यावा, पण कोंडा असेल तेव्हा तेल केसांच्या लांबीला लावावं. आणि लिंबाबद्दल मी आजीचंही ऐकणार नाही. खाजवून सोललेल्या टाळूवर लिंबू पिळणं हा इलाज नाही, शिक्षा आहे.

तो खरा दबतो केटोकोनाझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेल्या शाम्पूने. पण आपण करतो काय? गाडीतळावरच्या मेडिकलमधून बाटली आणायची, केसांना फेस काढायचा, बस चुकेल म्हणून अर्ध्या मिनिटात धुऊन टाकायचा, आणि आठवड्याने कंपनीला शिव्या द्यायच्या. केटोकोनाझोलचा शाम्पू टाळूवर तीन ते पाच मिनिटं राहू द्यावा लागतो, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नंतरही अधूनमधून चालू ठेवावा लागतो, कारण हात आखडला की हा परत येतो. जगभर लशी पाठवणारी सीरम इन्स्टिट्यूट इथेच हडपसरला आहे, १९६६ पासून; पण याच्यावर लस कुणाकडेच नाही.

त्याच्या नावावर दुसरेही खपतात. टाळूसोबत भुवया, नाकाच्या कडा, कानामागची कातडी लाल होऊन सुटू लागली, जाड चंदेरी खपल्या केसांची सीमा ओलांडून कपाळावर आल्या, किंवा लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस तुटले, तर तो साधा कोंडा समजू नये. त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. मुलाचा तो चट्टा बहुधा नायटा असतो, आणि तो मात्र खरोखर एकाचा दुसऱ्याला लागतो. तिथे कंगवा वेगळा हवाच.

वयात येताना टाळूत तेल वाढतं तसा तो अवतरतो, पुरुषांवर जरा जास्त मेहेरबान असतो, थंडीत आणि ताणाच्या दिवसांत जोर धरतो. पन्नाशीनंतर बऱ्याच जणांचा कमी होतो. तोवर केसही विरळ झालेले असतात, आणि माणसाला वाटतं, केस गेले म्हणून कोंडा गेला. पण ती बुरशी टकलावरही नांदते. केसांशी तिचं कधी देणंघेणं नव्हतंच.