आधी पाय, मग टाळ

पाच वर्षांच्या मुलीबद्दल कुणी "ही तालात नाहीये हो" असं सांगितलं की आईबाप काय करतात? आमच्यासारखे असतील तर गूगल करतात, आणि मग दोन दिवस एकमेकांशी जरा कमी बोलतात.

आमच्या लेकीला आम्ही पुण्यात रविवारच्या तबल्याच्या क्लासला घातलं होतं. मांडी घालून बसायचं, आठ मात्रांचा केरवा बोटांवर मोजायचा, तोंडानं धागेनतिनकधिन म्हणायचं. तीन महिन्यांनी वरचा निकाल लागला. मुलगी घरी आली आणि स्वतःच सगळ्यांना सांगत सुटली, "मला ताल येत नाही." जसं काही आपला ब्लडग्रुप सांगतेय. ते मला लागलं. पाच वर्षांचं पोर स्वतःबद्दल एखादं वाक्य पाठ करून बसतं आणि मग ते वाक्य चाळिशीपर्यंत पुरतं. ऑफिसच्या पार्टीत कोपऱ्यात ग्लास धरून उभी राहणारी आमची जमात बघा ना!

एप्रिलमध्ये गावी गेलो. गाव हिंगोली जिल्ह्यात, नर्सीपासून फार लांब नाही. नर्सी म्हणजे संत नामदेवांची, कयाधूच्या काठची. तिथून औंढा नागनाथही जवळच. नामदेवांच्या कीर्तनासाठी तिथलं देऊळच फिरलं अशी कथा आहे. सांगायचा मुद्दा, या भागात टाळ-पखवाज हे 'संगीत शिक्षण' नसतं. ते चहासारखं असतं.

गावात अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, रात्री कीर्तन. पण लेकरांचा खरा कार्यक्रम संध्याकाळी, हरिपाठाला. टाळकऱ्यांच्या समोरासमोर दोन ओळी, मध्ये पखवाज. पखवाज वाजवणारा पोरगा विशीचा, आळंदीला शिकून आलेला. (जोग महाराजांनी 1917 साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, तिची परंपरा अशी गावोगाव पोचलेली दिसते.) ओळीच्या शेवटी शेपटासारखी चारपाच वर्षांपासूनची पोरं.

मी लेकीच्या हातात टाळ द्यायला गेलो तर आमचे काका म्हणाले, "राहू दे. लेकराला आधी पाय टाकू दे, टाळ मागून."

पहिले दोन दिवस ती नुसती पावली टाकत होती. सोपीच पावली, उजवा पाय पुढे, डावा त्याच्याजवळ, मग तसंच मागे. चुकलं की शेजारच्याच्या खांद्याला खांदा लागायचा. कुणी "चुकलीस" म्हणायचं नाही. समोरची ओळ म्हणजे आरसा, तिकडे बघून पाय आपोआप जागेवर यायचा. तिसऱ्या दिवशी टाळ मिळाले, छोटे, दोरी मनगटाला गुंडाळून. टाळ हे शिकणाऱ्यासाठी फार दयाळू वाद्य आहे. त्यात सूर लावायचा नाही, बोटं बसवायची नाहीत. आघात मोकळा सोडायचा किंवा तळव्यानं दाबायचा, बस्स. आणि चाळीस टाळ एकदम वाजून थांबले की आपला उशिरा पडलेला 'टण्ण' एकटा ऐकू येतो. तो दुसऱ्या कुणाला सांगावा लागत नाही. कामात आम्ही दहा मशीनची घड्याळं जुळवायला काय काय प्रोटोकॉल लिहितो, इथे चाळीस माणसं नुसतं ऐकून आणि बघून जुळतात.

लय वाढते तीही हळूहळू. हरिपाठ संथ सुरू होतो, शेवटाला पोरं अक्षरशः उड्या मारत असतात. कुठल्या क्षणी वेग दुप्पट झाला हे त्यांना कळलेलंच नसतं.

परत आल्यावर वाचताना एमिल जाक-दालक्रोझ सापडला. जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवताना त्याच्या लक्षात आलं की वाद्यावर ताल चुकणारी मुलं चालताना मात्र व्यवस्थित लयीत चालतात. म्हणजे लय अंगात आहे, बोटांपर्यंत पोचत नाहीये. मग त्यानं आधी मुलांना चालायला, वळायला लावलं. पुढे कार्ल ऑर्फनं म्युनिकमध्ये 1924 साली सुरू झालेल्या ग्युंटरशूलमध्ये नाच आणि साधी तालवाद्यं एकत्र आणली. त्याच्या पद्धतीच्या वर्गांना आज जगभरात फी आहे. आमच्या काकांना दालक्रोझ सांगितला तर ते म्हणतील, "बरोबर आहे त्याचं."

सगळं गोड नाहीये. भोंग्यावर पखवाज पत्र्यासारखा वाजतो. आणि त्या ओळीच्या शेपटात मुली होत्या त्या चौथी-पाचवीपर्यंतच्याच. त्यापुढच्या वयाच्या ओळीत मुलगेच. मोठ्या मुली बायकांच्या बाजूला बसून टाळ्या वाजवत होत्या. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "मोठ्या झाल्या ना आता." यावर काय बोलायचं ते मला तिथे सुचलं नाही.

तबल्याचा क्लास आम्ही सध्या बंद ठेवलाय. बसून मोजायचं वय येईल तेव्हा बघू. रोज जेवणाआधी दहा मिनिटं हॉलमध्ये पावली चालते. मी डबा बडवतो, बायको आणि लेक समोरासमोर. खालच्या मजल्यावरच्या आजींना आधीच जाऊन सांगून आलो. त्या म्हणाल्या, "साडेआठच्या आत आटपा." परवा त्याच वर येऊन सोफ्यावर बसल्या होत्या. लेकीनं त्यांना उठवलं आणि सांगितलं, "आधी पाय हं, टाळ नंतर."