माझ्या वर्षाची हजेरी

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस घरी होतो. २०२५ ची दिवाळी. आपल्यातले काही कार्यकर्ते पहिल्याच ओळीला भुवया चढवतील. बौद्धाच्या पोराला कसली आली दिवाळी? तर मित्रांनो, दिवाळी गिरणीची होती. सुट्टी माझी होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि का वेगळ्या आहेत तेच सांगायला बसलोय.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. फ्रेमच्या बाजू सांभाळायच्या. धागा तुटला की टोक सांधायचं, पुढं सरकायचं, पुन्हा सांधायचं. उडता कापूस केसांवर, भुवयांवर बसतो. पाळी सुटताना पंचविशीतला गडी म्हातारा दिसतो. आंघोळ केली की पुन्हा तरणा. गिरणी चोवीस तास चालते. लक्ष्मीपूजनाला तेवढी थांबते. त्या दिवशी ऑफिसात वह्यांची पूजा होते. हिशेब सगळा आता कॉम्प्युटरात, पण पूजेला लाल वही लागतेच. कायम कामगारांना बोनस. आम्हा ठेक्याच्या माणसांना अर्धा किलो सोनपापडीचा पुडा. तो पिशवीत टाकला आणि मिरजेची एस.टी. धरली.

आमचं गाव मिरज तालुक्यात. गावाच्या कडेला बौद्धवाडा, तोंडाशी निळा झेंडा, मागं समाजमंदिर. घरात आजी, आई, आबा, धाकटा भाऊ. आक्का दोन पोरं घेऊन माहेराला आलेली.

आई बेसनाचे लाडू वळत होती. धाकटा कॉलेजात आहे, चळवळीत आहे. तो भडकला.

'आये, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात नव्हं आपण? मग ह्ये कशापायी?'

आईचा हात थांबला नाही. म्हणाली, 'मी कुणाची पूजा मांडलीया का बघ घरात. दिवा हाय त्यो बाबासायबाच्या फोटूम्होरं. लेक माहेराला आलीया. नातवंडांच्या हातावर काय ठिवू? प्रतिज्ञा?'

आबा हसले. धाकटा गप्प झाला. पण त्याची काळजी खोटी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी जुने देव सोडले. ते फराळाच्या ताटातून मागच्या दारानं पुन्हा आत येऊ नयेत, एवढंच त्याचं म्हणणं. आईचंही खरं. पोरांची शाळा याच आठवड्यात बंद, म्हणून आक्का याच आठवड्यात येऊ शकते. गरिबाला आपल्या सुट्टीचा दिवस निवडता येत नाही. कुणीतरी दिलेल्या दिवशी एकत्र जमावं लागतं. जमल्यावर काय बोलायचं, ते मात्र आपल्या हातात असतं.

रात्री जेवणं उरकल्यावर अंगणात बसलो. बोलणं आपसूक गेल्या वर्षावर गेलं.

आईचं वर्ष दोन छाटण्यांचं. एप्रिलची आणि ऑक्टोबरची. ती बायकांच्या टोळीतून द्राक्षबागेत जाते. यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला. बागेत गुडघाभर चिखल, रोजगार बुडाले. पण दर मंगळवारी फायनान्सचा हप्ता बुडाला नाही. पाऊस असो, ताप असो, मंगळवार येतोच. तिचं वर्ष बागवाल्याच्या आणि फायनान्सवाल्याच्या वहीत लिहिलेलं.

धाकट्याचं वर्ष शिष्यवृत्तीचं. वर्ष सरलं, पैसे आले नाहीत. फॉर्म कुठंतरी 'प्रलंबित' आहे. कुठं, ते कुणी सांगत नाही. कॉलेज म्हणतं आधी फी भर. तो सकाळी पेपर टाकतो, संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसतो, मधल्या वेळात पदवी घेतो.

आबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. कपडे कितीही धुतले तरी पिवळेच. पाठ गेली. पण आबांच्या बोलण्यात एक गोष्ट वेगळी होती. ते म्हणाले, 'माजा बोनस आला.' आबा माथाडी मंडळात नोंदलेले आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मजुरी मंडळात जमा होते, मालकाकडून वर लेव्ही घेतात, त्यातनं बोनस, फंड, रजेचे पैसे. पोती उचलायला कुणीही व्यापारी सांगू दे, नोंद मंडळाच्या वहीत पडते. आबांचा नंबर एकवीस वर्षांत बदललेला नाही.

मग माझी पाळी आली. मी वही आणली. कवितेचीच वही. पुढून कविता, मागून हजेरी. ६ नोव्हेंबर २०२४ ला कामावर चढलो, तेव्हापासून भरलेल्या प्रत्येक दिवसाला एक रेघ. पाळी कुठली, जादा तास किती, तेही लिहिलंय.

१३ एप्रिलपर्यंत १३१ दिवस भरले. १४ एप्रिलला मिरवणुकीत होतो. १५ ला गेटवर सांगितलं, तुझा नंबर बंद, ब्रेक आहे. वीस दिवस घरी बसलो. त्यातच १ मे आला, कामगार दिन. ५ मेला त्याच गेटनं आत गेलो, त्याच खात्यात, त्याच फ्रेमवर उभा राहिलो. टोकन नवं, ठेकेदाराचं नाव नवं. तिथून दिवाळीपर्यंत १२६ दिवस. बेरीज २५७.

आता कायदा बघा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात वर्षाला २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागं एक दिवस पगारी रजा होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवेचा आकडाही २४० च. माझे २५७. सतरा जास्तच. पण कागदावर मी एक माणूस नाही, दोन आहे. एकानं १३१ भरले, दुसऱ्यानं १२६. दोघंही नापास.

दिवाळीनंतर महिन्याभरात, २१ नोव्हेंबर २०२५ ला, केंद्र सरकारनं जुने कायदे गुंडाळून चार श्रमसंहिता लागू केल्या. पगारी रजेची अट २४० वरून १८० वर आली. ते ऐकून खात्यातला एक जण खूश झाला. मी त्याला वही दाखवली. १३१ आणि १२६. यात १८० तरी कुठं आहेत? आकडा खाली आणून भागत नाही. वर्ष तोडायची कात्री ज्याच्या हातात, त्याला कुठल्याही आकड्याच्या अलीकडं कापता येतं.

बोनसचंही तेच. १९६५ साली बोनसचा कायदा झाला, पुढं किमान दर ८.३३ टक्के ठरला. म्हणजे बारा महिने राबलास तर तेरावा पगार. ठरलेल्या मर्यादेच्या आत पगार असला आणि वर्षात ३० दिवस काम केलं असलं की हक्क लागू. कायमचा असो की ठेक्याचा. नव्या संहितेतही ३० दिवसांची अट तशीच आहे. आमच्या वाट्याला सोनपापडी.

आणि ही पगारी सुट्टी आली कुठून? १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्या काळात, १९४५ साली, कारखान्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारा महिने काम केलेल्या कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ साली आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. बाबासाहेब परळच्या चाळीत राहिलेले. गिरणी म्हणजे काय, ते त्यांनी पुस्तकातून शिकलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून. जास्त पगाराचं खातं तेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. संपवाल्यांच्याही पोटात जात होती, तीही त्यांनी उघडी केली.

म्हणून म्हणतो, सुट्टी माझी होती. ती कुठल्या देवीनं दिलेली नाही. दिवस सणाचा असेल, हक्क कायद्याचा आहे. आणि तो मिळवणारा आपला बाप आहे. धाकट्याला मी तेवढंच सांगितलं. लाडू खा, न खा. पण पगारी सुट्टी आपल्याला पुरी मिळत नाही, त्यावर आधी भडक.

आजी हे सगळं ऐकत होती. तिला सन सांगता येत नाहीत. तिची वर्षं वेगळी. 'धरम बदलला तवा मी परकरी व्हते. माज्या बानं देव पाटीत भरलं आन् वढ्यात सोडून आला.' मग 'दुष्काळी कामाचं वरीस'. म्हणजे १९७२. दिवसभर खडी फोडायची, वर सुकडी खायची, आणि आबा तिच्या पोटात. मग 'संपाचं वरीस'. माझा आज्जा मुंबईला लालबागच्या एका गिरणीत होता. आधी बदली कामगार. रोज सकाळी बदली कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत. तसं करत करत कायम झाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. आज्जा पुन्हा आत गेला नाही. एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आला. ती ट्रंक अजून आहे, आजीची लुगडी असतात तिच्यात.

आजीच्या वर्षांना आकडे नाहीत, नावं आहेत. ती नावं कुणा मालकाच्या कॅलेंडरातली नाहीत. धर्मांतराचं, दुष्काळाचं, संपाचं. सगळ्या लोकांनी मिळून भोगलेली, मिळून केलेली वर्षं.

तिनं मला विचारलं, 'मग ह्या वर्साला काय म्हणायचं रं?'

अंगणात कुणी बोललं नाही. आईचा हप्ता, धाकट्याचा फॉर्म, माझा ब्रेक. आमचं प्रत्येकाचं वर्ष वेगवेगळ्या कुलपात. एकाच घरात राहून आमचं एक वर्ष होत नव्हतं. आज्ज्याच्या वेळी बदलीवाला आणि कायमवाला एका भोंग्याला बाहेर पडले. आम्ही एका फ्रेमवर दोघं उभे असतो आणि दोघांचे ठेकेदार वेगळे. ब्रेक नुसता माणसाच्या वर्षाला देत नाहीत, माणसामाणसाच्या मध्ये देतात.

२००२ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, २४० दिवस भरले हे शाबीत करायची जबाबदारी कामगाराची, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरणार नाही. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि पुरावा आपण आणायचा. माझ्या वहीतल्या रेघा कोर्टात एकट्यानं उभ्या राहायच्या नाहीत, हे मला कळतं. म्हणून सुट्टीवरून परतल्यावर आम्ही सहा जणांनी वह्या घातल्या. एकमेकांच्या वहीवर दर शनिवारी सही करतो. पगाराच्या दिवशी बँकेची नोंद जोडतो. गेटपासचा फोटो काढून ठेवतो. आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. टोकन बदललं, ठेकेदार बदलला, तरी फंडाचा यूएएन नंबर बदलत नाही. पासबुकात दोन्ही ठेकेदारांची नावं एकाखाली एक दिसतात. कागदावर दोन केलेला माणूस तिथं एकच असतो.

सहातल्या एकाला लिहिता येत नाही. त्याची वही त्याची सहावीतली पोरगी लिहिते. परवा तिनं बापाला विचारलं, रविवारी पण काम केलंस, तर ती रेघ कुठं मारू? बापानं मला विचारलं. आम्ही तिच्यासाठी जादा तासांचा वेगळा रकाना आखून दिला.

मित्रांनो, आपण दरवर्षी कॅलेंडर छापतो. १ जानेवारी, २० मार्च, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, सगळं निळ्या शाईत. ते छापलंच पाहिजे. माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली एक रिकामी चौकट ठेवा. बोटभर पुरे. कामावर गेलो का, पाळी कुठली, मजुरी मिळाली का, एवढं मावेल. वस्तीतल्या प्रत्येक घरात ते टांगा. बागेत जाणाऱ्या बाईच्या, ठेक्यावरच्या पोराच्या, झाडलोट करणाऱ्या मावशीच्या भिंतीवर. महिनाअखेरीला समाजमंदिरात ती पानं घेऊन बसा आणि मोठ्यानं वाचा.

ज्याला यात काम करायचंय त्यानं पुढच्या अंकाच्या आधी कळवावं. चौकटी आखायला माणसं लागतील.

जयभीम.