आधी कच्च्या कैद्याला शिकवा

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर शिकवत होतो तेव्हा माझं मत ठाम होतं : तुरुंगात शाळा काढण्याआधी गावची शाळा नीट चालवा. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. पोरांची नावं पटावर राहतात, पोरं भट्टीवर. मग इथली पुस्तकं, इथले शिक्षक कैद्यांना का द्यायचे?

निवृत्तीनंतर तुरुंगात साक्षरतेचा वर्ग घेऊ लागलो आणि हे मत टिकेना. समोर बाराखडी गिरवत होते ते अशाच पटांवरून गळालेले. गावाने अर्धवट सोडलेलंच काम तिथे पुढे चाललं होतं.

तुरुंगातलं शिक्षण म्हटलं की इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या पदव्या आठवतात. शिकून पास होणाऱ्या पक्क्या कैद्याला शिक्षेत सूटही मिळू शकते. ते हवंच. पण २०२२ अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे होते. ज्याला शिक्षाच झालेली नाही, त्याला सूट कसली? जामीन कधी होईल याचा भरवसा नाही, तो तीन वर्षांच्या पदवीला नाव कसं घालणार?

त्याला आधी स्वतःचा कागद वाचता यावा, असं मला आज वाटतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. इतरांसाठी ही मुदत निम्मी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात बसत नाहीत, एकाहून अधिक खटले असले तरी अडतं. मुदत भरली की न्यायालयाला कळवणं अधीक्षकांचं काम. पण आपल्यावर कोणतं कलम लागलंय, अटक कधी झाली, हे वाचता येणारा माणूस स्वतः विचारू शकतो. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मागू शकतो. वकीलपत्रावर अंगठा उठवण्याआधी त्यात काय लिहिलंय ते पाहू शकतो.

मुरबाडच्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका तिथे सही करायला शिकल्या. मग पंचविशीतल्या माणसाला का जमू नये?

म्हणून कच्च्या कैद्याचा धडा आल्या आठवड्यातच सुरू व्हावा : नाव, कलम, अटकेची तारीख, पुढची तारीख, एक तृतीयांशाचा हिशेब. निवृत्त शिक्षक आमच्या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांनी या कामाला यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.