आधी श्वास सोडा

मालवणला स्कूबा करायला पोहता यावं लागत नाही. तिथल्या फलकांवर तसं लिहिलेलं असतं आणि पंधरा-वीस फुटांवरच्या पहिल्या अनुभवापुरतं ते खरंही आहे. गाइड पाठीशी असतो. सिलिंडरची हवा, जॅकेट, वर-खाली होणं सगळं तोच सांभाळतो. आपण फक्त तोंडातली नळी घट्ट धरायची आणि समोर बघायचं. तरीही लेकीने कोकणकन्येची तिकिटं काढली, त्याच आठवड्यात मी डोंबिवलीच्या घरडा सर्कलजवळच्या क्रीडासंकुलात जाऊन तरणतलावाचा फॉर्म आणला. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच पाण्यात उतरायचं होतं. माझ्या वयाच्या डोंबिवलीतल्या किती बायकांना पोहता येतं? आमच्या लहानपणी विहिरीत उडी मारायला भाऊ जायचे, आम्ही कठड्यावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो.

शिकवणाऱ्या मुलीने पहिला धडा दिला तो हातपाय मारण्याचा नव्हता. "काकू, श्वास घ्यायची घाई नको. आधी सोडा. पाण्यात तोंड घालून सगळा सोडा, बुडबुडे दिसू देत मला." मला ते जमेना. दांडी धरून तोंड पाण्यात घातलं की छाती आपोआप गच्च व्हायची, आणि ही सवय कुठून आली ते मला तिथेच कळलं. इतकी वर्षं डोंबिवलीहून मुंबईला नोकरी केली. फास्ट लोकल प्लॅटफॉर्मला लागताना श्वास रोखायचा, आत शिरल्यावर दोन खांद्यांच्या मधे तो तसाच धरून ठेवायचा, ठाण्याला थोडी हालचाल झाली की जरासा सोडायचा. फुप्फुसाच्या तळापर्यंत हवा जाते हे शरीर विसरूनच गेलं होतं. तलावात बुडबुडे काढता काढता ते हळूहळू आठवत गेलं. सहलीच्या तयारीतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हाच.

स्कूबाचा पहिला नियमही हाच आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी फ्रान्समध्ये जो रेग्युलेटर तयार केला, त्याचं वैशिष्ट्य असं की पाणबुड्या श्वास ओढेल तेव्हाच आणि भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तो देतो. म्हणून खोलवरही छाती सहज भरते. पण तीच भरलेली छाती बंद करून वर आलं, तर दहा मीटरवरची हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाला तेवढं ताणता येत नाही. इजा व्हायला दीड-दोन मीटरची खोलीही पुरते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी प्राणायामाचा वर्ग भरतो. मी तिथे नेमाने जाते आणि त्याचा फायदा मला झालाच, विशेषतः लांब उच्छ्वासाचा. पण कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, पाण्याखाली पूर्ण वर्ज्य. योगाभ्यास करणाऱ्या आणि समुद्रात उतरायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे मुद्दाम सांगते.

मग कान. पहिल्या दोन मीटरांतच कानाच्या पडद्यावर दाब जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं, तर घशातून मधल्या कानात हवा शिरते आणि दाब सारखा होतो. दुखायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून हे करत राहायचं. सर्दी असेल तर घशातून कानाकडे जाणारी ही नळी बंद असते आणि हा उपाय चालत नाही, म्हणून सर्दीत उतरायचं नाही. मी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि छातीच्या डॉक्टरांकडे फुंकण्याची चाचणीही करून घेतली. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाने ती करावीच. एमआयडीसीच्या हवेत आपली फुप्फुसं काय काय झेलतात हे वेगळं सांगायला नको.

बोटीत बसण्याआधी एक वैद्यकीय फॉर्म भरून घेतात: दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधं. सहलीच्या ऐन सकाळी, रांगेत उभं राहून, लोक सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात. मला हे फार लागतं, कारण ती सही केल्यावर आपला जीव ज्याच्या हातात जातो तो बहुतेकदा विशी-पंचविशीतला मालवणी मुलगा असतो. त्याच्या घरात रापणीची जाळी असतात, बापाने समुद्रावर आयुष्य काढलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्गात जो सागरी प्रकल्प झाला, त्यातून इथल्या तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं. एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे. मासळीवर घर चालत नाही म्हटल्यावर या मुलांनी नवी विद्या शिकून घेतली. आपण न शिकता, न सांगता, धास्तावलेल्या शरीरानिशी अशा गाइडपुढे उभं राहिलो, तर त्याचं सगळं लक्ष आपल्याला शांत करण्यात जातं. घाबरलेला माणूस पाय झाडतो, आणि ते पाय जिथे आपटतात तिथे प्रवाळ असतं. गोलसर, दगडासारखं दिसणारं हे प्रवाळ वर्षाला एखाद-दुसरा सेंटिमीटर वाढतं. माझ्या वयाच्या गोळ्याला एका लाथेने इजा होऊ शकते. माझ्या पोहण्याच्या शिकवणीचं खरं कारण हे होतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीच आहे. आपण उतरतो ते संरक्षित पाणी आहे, एवढं तरी घरून निघताना माहीत असावं.

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला समुद्र परका असण्याचं खरं तर काही कारण नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत गलबतं बांधायला लावली. मराठी आरमाराची सुरुवात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याची. सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं १६६४ साली, म्हणजे त्यानंतर. दुर्गाडीच्या पुलावरून रोज बस जाते, खाली खाडी दिसते, आणि आपल्याला वाटतं समुद्र म्हणजे चार दिवसांच्या सुट्टीत जायचं लांबचं ठिकाण. आज त्याच खाडीत वालधुनीचं काळं पाणी मिसळतं. उल्हास नदी ते घेऊन वसईच्या खाडीपर्यंत जाते आणि पुढे अरबी समुद्र. आपल्या नाल्यातली पिशवी आणि मालवणचा मासा एकाच पाण्यात आहेत. तयारी करताना मला हे सारखं आठवत होतं, आणि बॅग भरताना एकदाच वापरायचं प्लास्टिक मी बाजूला ठेवलं. सनस्क्रीनही कमी केलं. त्यातल्या ऑक्सिबेन्झोनने प्रवाळाला इजा होते म्हणून हवाई बेटांनी २०२१ पासून ते असलेल्या क्रीमच्या विक्रीला बंदी घातली. लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घेतला की क्रीम फार लागतच नाही.

परतीचा बेतही तयारीतच ठरवावा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जावे लागतात, एकच असेल तर बारा. घाटालाही हे लागू आहे, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आंबोली समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. सकाळी खोल पाण्यात आणि संध्याकाळी घाटमाथ्यावर वाफाळता चहा, असा बेत आखू नये. आम्हा ठाणे-कल्याणकरांची सोय इथे चांगली आहे: कुडाळहून निघालेली गाडी किनाऱ्याच्या पट्ट्यातूनच ठाण्याला आणून सोडते.

गाइडने पाण्याखाली माशांसाठी पावाचा तुकडा पुढे केला, तर मान हलवून नको म्हणा. फोटोसाठी होणारी ती गर्दी माशांची नैसर्गिक सवय मोडते. गिऱ्हाईक मागतं म्हणून तो पाव नेतो. आपण मागणं बंद केलं तर तोही नेणार नाही. फॉर्मवर खरं लिहा. आणि पावसाळ्यात मालवणचं पाणी स्कूबासाठी बंदच असतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत उतरायचं असेल तर जूनमध्येच जवळच्या तरणतलावात नाव घाला. बायकांनी तर जरूर घाला.