कडेचा माणूस

पणजाचा फोटो आमच्या घरात नव्हता. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, बास. पणजाचं तोंड कसं होतं ते एकट्या बापाला आठवायचं, तेही अर्धंमुर्धं.

मग कळलं की फोटो आहे. कळसलाच, एका वाड्यात. लग्नातला. पुठ्ठ्यावर साल घातलंय 1951. मधी खुर्च्यांवर फेटेवाले, मागं पोरंसोरं, आणि अगदी कडेला, फोटोवाल्याला जो घ्यायचाच नसणार तो माणूस. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी, पाय अनवाणी. गावाचा येसकर. माझा पणजा.

वाड्यातला पोरगा माझ्या वर्गात होता. त्यानं फ्रेम उतरवली, काच काढून दिली. मी अंगणातल्या उजेडात मोबाईलवर चार फोटो मारले आणि निघालो.

एका फोटोच्या दुकानात गेलो. मोठा करून द्या म्हणलं. दुकानदारानं कॉम्प्युटरवर लावला आणि म्हणला, "कडेचा माणूस काढून टाकू का? फ्रेमला नीट बसंल."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. उठलो ते ठरवूनच, की हा फोटो घरी छापायचा. आणि असा छापायचा की माझ्या नातवाला परत कुणाच्या वाड्याची पायरी चढायला लागू नये.

दोस्तहो, आता जरा कामाचं बोलतो. कंटाळू नका.

मी भिगवणजवळ कागदाच्या गिरणीत पाळी करतो. कागद पिवळा का पडतो ते मला तिथं कळलं. लाकडाच्या लगद्यात लिग्निन राहिलं की ऊन लागून पिवळं पडतं. पेपर आठ दिवस उन्हात ठेवा, हळद लावल्यासारखा होतो. आणि कागदात आम्ल असलं तर धागाच कुजतो. 1972 ला पँथर निघाली, त्या वर्षांतले आपले हलक्या कागदावरचे अंक काढून बघा. घडीवर मोडतात. शाई जाग्यावर आहे, कागद गेला.

वाड्यातला फोटो टिकला, कारण तो चांदीचा. ब्रोमाइड कागदावर चांदीचे कण असतात. शेवटी त्यातला हायपो पाण्यानं नीट धुऊन काढला तर फोटो शंभर वर्षं जातो, राहिला तर पिवळे डाग पडतात. जाड कागद असला तर धुवायचा किती? वाहत्या पाण्यात तासभर. वाहत्या पाण्यात! आमच्या इंदापूर तालुक्यात, उन्हाळ्यात टँकरकडं डोळे लावून बसलेल्या आळीत! अंधारी खोली एक वेळ होईल, पाणी कुठनं आणू? ते सोडलं.

राहिली शाई. स्वस्तातल्या रंगीत प्रिंटरात बहुतेक डाय शाई असते, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पिगमेंट शाईत बारीक कण असतात, आणि काळ्या पिगमेंटचे कण म्हणजे काजळी. चुलीवरच्या भांड्याची काजळी उन्हानं कधी उडाली का? जुन्या पोथ्या काजळीच्या शाईच्या, म्हणून शेकडो वर्षांनी वाचता येतात. (आपल्याला वाचू दिल्या नव्हत्या, ते निराळं.) स्टेन्सिलवर फिरवायची काळी शाईही त्याच कुळातली.

हापिसातला जुना प्रिंटर साडेतीन हजाराला घेतला, एकच काळी टाकी असलेला. शाईच्या बाटलीवर पिगमेंट लिहिलंय का, तेवढंच बघितलं. तरी विश्वास ठेवला नाही. एक डायचा प्रिंट, एक पिगमेंटचा, दोन्ही अर्धे पुठ्ठ्यानं झाकून अख्खा मे महिना पत्र्यावर ठेवले. डायचा उघडा भाग लालसर, फिका पडला. पिगमेंटच्या दोन भागांत मला फरक दिसला नाही.

कागद हातकागदाचा, सुती चिंध्यांचा. पुण्याला 1940 पासून हातकागद संस्था आहे ती याच कामाची. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच. आपल्या लोकांनी मढ्यावरची कापडं अंगावर घातली, चिंध्यांचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

पहिले चार कागद वाया गेले. एक जाडीनं अडकला, एकाचे धागे शाईच्या तोंडात बसले. आता आधी ब्रशनं झाडतो, गुळगुळीत बाजू घेतो. काळं दुकानासारखं चकाकत नाही. उजळ जागी ठिपके दिसतात. मूळ फोटोत पणजाचं तोंड हरभऱ्याएवढं, जास्त मोठं केलं की धुकं. म्हणून पोस्टकार्डाएवढाच ठेवला.

पण छापायचं काय? अख्खा फोटो भिंतीला लावायचा तर फेटेवाल्यांसकट वाडाच घरात येतो. त्यांना कापायचं, तर मी आणि तो दुकानदार एकच. आणि बाप म्हणला, "काठी काप."

मी म्हणलं, आबा, पुरावा आहे तो. 1928 ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, 1958 च्या कायद्यानं वतन गेलं, ते ह्याच काठीसाठी.

"मला नको शिकवूस. दीक्षा घेतल्यावर म्हाताऱ्यानं ती काठी चुलीत घातली. तू परत त्याच्या हातात देतोस व्हय?"

मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

तीन प्रिंट काढले. एक अख्खा. एक पणजा एकटा, काठीसकट. एक छातीपर्यंत. बापानं छातीपर्यंतचा उचलला आणि ऊन येत नाही त्या भिंतीला लावला. लॅमिनेशन करू दिलं नाही मी. एकदा गरम प्लास्टिक चिकटलं की परत सुटत नाही.

बाकी दोन चांगल्या कागदाच्या पाकिटात आहेत. अख्ख्याच्या मागं मी शिसपेन्सिलीनं लिहिलं, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतो म्हणून. उजवीकडचा शेवटचा, मग नाव, मग कळस, 1951, येसकर. बापानं वाचलं. माझ्या हातातनं पेन्सिल घेतली आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं, काठी नंतर चुलीत घातली.