बीदरचा दवाखाना

बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा (१४३६-१४५८) याने बीदरला एक मोठा दवाखाना बांधला होता. बांधून तो थांबला नाही, दवाखान्याच्या खर्चाला त्याने गावं लावून दिली. त्यांच्या वसुलातून रोग्यांना औषध मिळे आणि जेवणही. उपचाराला मुसलमान हकीम होते, तसे हिंदू वैद्यही होते. इतिहासकार फिरिश्ताने हे नोंदवून ठेवलं आहे. तो दवाखाना गेला, आणि आपण त्याचं सुतकही पाळलं नाही. आपल्या आठवणीत बहमनी म्हणजे नुसत्या लढाया.

त्या काळच्या मुसलमान समाजात दानाच्या वाटा ठरलेल्या होत्या. जकात सक्तीची, सदका स्वखुशीचा. पण पिढ्यान्‌पिढ्या टिके तो वक्फ. देवाच्या दिवाबत्तीला आपल्याकडे जमीन लावून देत, तसंच हे. मालमत्ता विकायची नाही, उत्पन्न मात्र ठरल्या कामालाच. दमास्कसमध्ये प्रवासी इब्न बतूताने चिनी मातीची थाळी फोडून बसलेला एक गुलाम पोरगा पाहिला. मालकाच्या धाकाने तो भेदरला होता. फुटलेल्या भांड्यांसाठीसुद्धा तिथे वक्फ होता, त्यातून त्याला थाळीचे पैसे मिळाले. गरिबाची भीती ओळखून केलेलं याहून नेमकं दान मला माहीत नाही.

दानाची ही रीत आपल्याही जवळ होती. पुण्याच्या मुळशी तालुक्यातला घाट उतरलं की कोकण. तिथल्या चौल आणि दाभोळ बंदरांत बहमनी सुलतान दुसऱ्या मुहम्मदशहाने (१३७८-१३९७) अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, राहण्याजेवणासकट. गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबादलाही तशाच. आंधळ्यांना तनखा होता. दुष्काळात याच सुलतानाने दरबारचे बैल जुंपून माळवा-गुजरातेतून धान्य आणवलं आणि स्वस्तात विकलं, पण फक्त मुसलमानांना. उपाशी माणसाचा धर्म पाहणारं ते दान उणंच. म्हणून वैद्य आणि हकीम एका छपराखाली बसवणारा बीदरचा दवाखाना मला मोठा वाटतो.

आज मुळशीत धरणाच्या काठाने बंगले उठताहेत, जमिनीला कधी नव्हे तो भाव आलाय. ज्यांच्याकडे अजून आंबेमोहोराची खाचरं आहेत, त्यांना माझी विनंती आहे: त्यातल्या एका खाचराचं उत्पन्न रीतसर कागद करून तालुक्यातल्या गरीब रोग्यांच्या औषधपाण्याला कायमचं लावून द्या. आणि रोग्याला त्याचा जात-धर्म विचारू नका.